तेवीस जातींचं बेणं

माझं दुकान धक्क्याला लागूनच आहे. लाँच आठवड्यातून तीन दिवस, जाता-येता, माझ्या दारासमोर लागते, त्यामुळे आमच्या किनेल बेटावर कोण आलं, कोण गेलं आणि कुणाच्या पिशवीत काय होतं, हे मला सगळ्यांच्या आधी कळतं. एर्सिरा लेविकॉय आली त्या दिवशी तिच्याकडे एक लहानशी बॅग होती आणि दोन्ही मनगटांना पट्टे आवळलेले होते. चेहरा मात्र तोच, शाळेत माझ्या शेजारी बसायचा तो.

"किती दिवस गं?" मी विचारलं.

"तीन आठवडे. मावशी काठी घेऊन चालायला लागली की मी परत."

"खुब्याचं हाड मोडलंय तिचं. तीन आठवड्यांत काय नाचणारे?"

"डॉक्टर म्हणाले तीन-चार आठवडे," एर्सिरा म्हणाली आणि तिनं घड्याळात बघितलं. लाँच अजून वळलीसुद्धा नव्हती.

एर्सिरा अठराव्या वर्षी बेट सोडून शहरातल्या मासळीच्या कारखान्यात गेली होती. सत्तावीस वर्षं एकाच टेबलापाशी उभी राहून ती सॅमन माशातले काटे चिमट्यानं उपटत होती. मिनिटाला किती तुकडे, ते भिंतीवरच्या पाटीवर दिसायचं, आणि त्या पाटीवर तिचं नाव कायम वर असायचं. लग्न झालं, मोडलं. त्याबद्दल ती फार बोलायची नाही. जेवायची उभ्यानं. रस्त्यानं चालायची तर मागून कुणीतरी येतंय अशी. शेवटी हातांची बोटं बधिर व्हायला लागली, पेला धरता येईना, तेव्हा कारखान्यानं तिला तीन महिन्यांची रजा दिली. त्याच सुमारास तिची मावशी, उबेर्लिंदा, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी घसरून पडली.

एर्सिरा मावशीकडे यायला तयार झाली याचंच आम्हाला नवल वाटलं. तिची आई वारली त्याला अकरा वर्षं झाली होती. आई याच घरात, बहिणीजवळ राहायची. आजारी आहे असा निरोप मी स्वतः फोनवरून दिला होता. कारखान्यात सणाच्या मागणीचे दिवस होते. रविवारी येते, असं एर्सिरा म्हणाली. आई शुक्रवारी गेली. एर्सिरा मातीला आली आणि त्याच लाँचनं परत गेली. रजा तिला कुणी नाकारली नव्हती, तिनं मागितलीच नव्हती. हे ती मला पुढं कितीतरी महिन्यांनी बोलली. चर्चची पायरी मात्र ती तेव्हापासून चढली नव्हती.

उबेर्लिंदामावशी तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची. लग्न केलेलं नाही, जीभ तिखट, आणि बेटावर सगळ्यांत जुनं बटाट्याचं बेणं तिच्याकडे. तेवीस जाती. काळे, जांभळे, लाल डोळ्यांचे, बोटांसारखे लांब, गाठीगाठीचे. चुलीच्या वरच्या माळ्यावर तेवीस बुट्ट्या ओळीनं ठेवलेल्या असायच्या. एकीवरही चिठ्ठी नाही. मावशी अंधारातसुद्धा हात घालून सांगायची, ही चेटकीण, ही मांजरनखी, ही कबुतरी. बेणं दरवर्षी लावावंच लागतं. एक वर्ष चुकलं की ती जात गेली.

सप्टेंबर लागला होता, आमच्या दक्षिणेकडे हिवाळा संपून लावणी सुरू होते ते दिवस. मावशीचं अंथरूण खालच्या खोलीत खिडकीशी टाकलं होतं. तिथून मागचा सगळा उतार दिसायचा.

"रोज एकच बुट्टी खाली आणायची," मावशीनं सांगितलं. "ती लावायची, वर खताला समुद्रातलं शेवाळ पसरायचं, माती ओढायची. दुसऱ्या दिवशी दुसरी."

"म्हणजे तेवीस दिवस?"

"पाऊस आला तर तीस."

"मावशी, मी तीन आठवड्यांसाठी आलेय."

"मी कॅलेंडर सांगत नाहीये, लावणी सांगतेय."

पुढच्या मंगळवारी मावशीला शहरात फोटो काढायला न्यायचं होतं. हाडाचा फोटो. स्ट्रेचरवरून लाँचमध्ये, लाँचमधून गाडीत. त्या कामाला मी आणि माझा नवरा गेलो. शहरात एक मुक्काम झाला. एर्सिरा घर बघायला मागं राहिली.

आम्ही बुधवारी दुपारी परतलो. मावशीला अंथरुणावर निजवलं, उशी नीट केली, आणि तिची नजर खिडकीबाहेर गेली. सगळा उतार, वरच्या कुंपणापासून खालच्या ओहोळापर्यंत, वरंब्यांनी भरला होता. ओळी अशा सरळ की दोरी लावून ओढल्यासारख्या.

"दीड दिवसात," एर्सिरा म्हणाली. तिची मनगटं सुजून पावांसारखी झाली होती, पण चेहरा फुललेला. "सगळं लावून झालं."

"बुट्ट्या कुठायत?" मावशीनं विचारलं.

"धुऊन वाळत घातल्यात. एकेक बुट्टी उतारावर नेण्यात फार वेळ जात होता, म्हणून मी सगळं तीन पोत्यांत ओतलं."

मी मावशीच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"कुठली कुठं लावलीस?"

एर्सिरानं उताराकडे बघितलं. मग म्हणाली, "बटाटेच आहेत ना मावशी. उगवतील."

मावशीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. मी सूप नेलं तर प्यायली, वाटी परत दिली, पुन्हा भिंत.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिथंच होते. एर्सिरा अंथरुणापाशी येऊन उभी राहिली. "मावशी, मी उकरून काढते सगळे. दोन दिवसांत निवडून पुन्हा लावते."

"कोंब मोडतील," मावशी भिंतीकडे बघतच म्हणाली. "घाईनं लावलंस, आता घाईनं उकरायला निघालीस." मग ती हळूच वळली. "बस. उभी राहून बोलू नकोस माझ्याशी, मला मान वर करावी लागते."

एर्सिरा बसली.

"पानावरून अर्ध्या जाती सारख्याच दिसतात. फुलावरून काही कळतात. उरलेल्या काढणीलाच कळतील. कुठलं झाड कुठं उभं आहे, फूल कसलं आलं, हे रोज कुणीतरी बघायला हवं. मला चालता येत नाही. तू मिसळलंस, तूच निवड."

"काढणी मार्चमध्ये असते."

"मार्च काय, एप्रिलसुद्धा."

दुपारी एर्सिरा तरातरा दुकानात आली. "सहा महिने! बटाट्यांसाठी! वेड लागलंय तिला, एदिता."

"ते तिच्या आईचं बेणं आहे. तुझ्या आजीचं. तिच्याही आधीचं असेल."

एर्सिरा मिठाच्या पोत्यावर बसली. बराच वेळ तिनं आपल्या पट्ट्यांची टोकं सोडली-बांधली. "माझी आई पण लावायची का?"

"दरवर्षी. तू आईबरोबर शेवाळ ओढायचीस, विसरलीस? एकदा खेकडा चावला म्हणून सगळं बेट डोक्यावर घेतलं होतंस."

ती थोडं हसली. त्यानंतरच्या लाँचनं ती गेली नाही. त्यानंतरच्याही नाही.

पहिले पंधरा दिवस तिला हातानं काहीच करता येत नव्हतं. सूज उतरेपर्यंत कुदळ धरायची नाही, अशी मावशीची ताकीद होती. मग ती नुसती ओळींमधून फिरायची. वर जायची, खाली यायची. पहिल्या आठवड्यात ती हे काम वीस मिनिटांत उरकायची आणि घरी येऊन विचारायची, आता काय? मावशी म्हणायची, "काय दिसलं?"

"काही नाही. माती."

"जा, परत बघून ये."

ऑक्टोबरात कोंब वर आले. तेव्हा तिला तासभर लागायला लागला. कुठल्या कोंबाचा देठ जांभळा, कुठल्याचा हिरवा, कुठल्या पानाला लव आहे. एकदा मी अंडी न्यायला गेले, तर बाई ओळीत उकिडवी बसून एका रोपाकडे बघतेय. मी हाक मारली, ऐकू गेली नाही. जवळ गेले तेव्हा म्हणाली, "हे काल मिटलेलं होतं." एवढंच.

डॉन हेर्मिनियोंशी एर्सिराची गाठ त्याच दिवसांत पडली. आमच्याकडे पाद्री वर्षातून दोनदा येतो. बाकीचे सगळे रविवार डॉन हेर्मिनियोंचे. घंटा वाजवणं, प्रार्थना सांगणं, छपरावरची लाकडी कौलं बदलणं, सगळं तेच. वेदीवरची फुलं मात्र पूर्वीपासून उबेर्लिंदामावशीच्या कुंपणातली, पांढरी लिली. मावशी अंथरुणाला खिळली, तेव्हा फुलं पोचवायचं काम एर्सिराकडे आलं.

पहिल्या रविवारी मी आत बसले होते. एर्सिरा दारातच थांबली. "फुलं इथं ठेवते आणि जाते."

"जा की," डॉन हेर्मिनियो म्हणाले. "फक्त प्रार्थनेला उत्तर द्यायला आज पाचच जणी आहेत. त्यातली एक बहिरी. आमचं सगळं म्हणून झालं की मग ती म्हणते."

"माझा विश्वास नाही, डॉन हेर्मिनियो."

"मी विश्वास कुठं मागितला? आवाज मागितला."

ती मागच्या बाकावर बसली आणि तिनं आवाज दिला. शब्द तिला सगळे येत होते, आईनं लहानपणी घोकून घेतलेले. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "माझं नि देवाचं भांडण बिंडण नाही गं. आमच्या शिफ्टच कधी जुळल्या नाहीत." मी खूप हसले. पण त्यानंतरच्या रविवारी ती फुलं ठेवून आपणहोऊन बसली.

डिसेंबरात फुलोरा सुरू झाला. मावशीनं पेटीतून रंगवलेली लोकर काढायला लावली. एर्सिरा प्रत्येक निराळ्या दिसणाऱ्या झाडाचं एक फूल तोडून खिडकीशी आणायची. मावशी ते बोटांत फिरवायची, देठ बघायची, नाकाशी न्यायची.

"ही चेटकीण. हिला लाल लोकर बांध. ही माझ्या आईला एका सुईणीनं दिली, तुझ्या आईच्या जन्माच्या वेळी."

"आणि ही?"

"थांब, घाई करू नकोस. ही मुर्ता असेल नाहीतर लालडोळी. मागची पानं आण."

एका फुलासाठी पुन्हा उतारावर, पुन्हा खाली. असं दिवसाला तीन-चार जातींचं काम व्हायचं, आणि प्रत्येकीबरोबर एक गोष्ट निघायची. कुणी कुणाला लग्नात दिली, कुठली दुष्काळात कामी आली, कुठल्या बटाट्याचे मिल्काओ, म्हणजे किसाच्या जाड भाकऱ्या, खाऊन माझ्या सासऱ्यांनी माझ्या सासूला मागणी घातली. मी दुकान बंद करून ऐकायला जायचे. आम्ही तिघी नळीनं कडू चहा ओढत बसायचो, पेला फिरत राहायचा, आणि एर्सिरा बसून, पाठ टेकून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायची. एरवी पेला तोंडाला लावायच्या आधी ती उठलेली असायची.

नाताळच्या आधी कारखान्यातून फोन आला. हातानं काम नको, तिला टेबलांवर देखरेख करणारी बाई म्हणून घ्यायचं होतं. सत्तावीस वर्षं ज्या जागेकडे तिनं बघितलं होतं, ती जागा.

"जा," मावशी म्हणाली. "उरलेल्या जाती एदिता बघेल."

"मी?" मी म्हटलं. "मला कोबी नि फ्लॉवर वेगळे कळतात, एवढंच."

एर्सिरा सकाळच्या लाँचनं गेली आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या लाँचनं परतली. मी धक्क्यावर उभीच होते.

"काय झालं?"

"कधीपासून येता, म्हणून ऑफिसातल्या बाईनं विचारलं. मी सांगितलं, मांजरनखी काढून झाली की."

"मग?"

"ती बाई म्हणाली, ही कुठली सुट्टी?"

मला हसू आवरेना. ती पण हसली, आणि हसता हसता माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून रडायला लागली. एप्रिलपर्यंत ते थांबणार नव्हते. जागा दुसऱ्या कुणाला द्यायची ठरली होती. "मी चांगली होते गं त्या कामात," ती म्हणत होती. "खरंच चांगली होते." मी तिच्या शेजारी बसून राहिले. चांगली होतीच ती.

जानेवारीत धुकं उतरलं. गार असतं तर चाललं असतं, पण ते कोमट, चिकट धुकं. आठ दिवस सूर्य नाही. पाचव्या दिवशी खालच्या ओहोळाकडच्या झाडांवर तपकिरी डाग दिसले. करपा. माझ्या नवऱ्याचा सगळा तुकडा दोन दिवसांत काळा पडला. एर्सिरा पहाटेपासून डाग पडलेली पानं खुडून गोणीत भरायची आणि लांब नेऊन जाळायची. जेवढी खुडायची तेवढी नवी निघायची.

सातव्या दिवशी दुपारी ती मावशीसमोर उभी राहिली, कोपरापर्यंत काळी. "आता काय करू?"

"जेवढं हातानं होतं तेवढं केलंस," मावशी म्हणाली. "आता माग."

"मला मागता येत नाही."

"न यायला काय झालं? जे आपल्या हातात नाही ते मागायचं. एवढंच असतं त्यात."

एर्सिरा हात न धुताच निघाली. चर्चला कुलूप नसतं, नुसती कडी असते. ती आत एकटीच जाऊन बसली. तिथं काय झालं ते तिनं मला सांगितलं, म्हणून सांगते. ती बटाट्यांसाठी मागायला गेली होती, पण तोंडातून बटाट्यांचं नाव निघेचना. तिला मागच्या बाकावर आईची जागा दिसली. खांबाला टेकून बसायची ती जागा, लाकूड तिथं गुळगुळीत झालंय. एर्सिरा तिथं जाऊन बसली, आणि पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाली, "आई, मी रजा मागितलीच नव्हती." मग बरंच काही म्हणाली. अकरा वर्षांचं होतं. छपरावर धुक्याचं पाणी टपटपत होतं. कुणी उत्तर दिलं नाही, पण कुणीतरी उठूनही गेलं नाही, असं तिला वाटलं. ती संध्याकाळपर्यंत बसली. परत आली तेव्हा मावशीनं विचारलं, "मागितलंस?" ती म्हणाली, "बटाट्यांचं राहूनच गेलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेचा वारा सुटला, गार आणि कोरडा. धुकं फाटलं. खालच्या आठ ओळी गेल्या होत्या, वरच्या वाचल्या.

"म्हणजे देवानं ऐकलं तर," मी तिला म्हटलं.

"वाऱ्याचं मला माहीत नाही, एदिता. वारा सगळ्यांसाठीच सुटला. तुझ्या नवऱ्याचे तर आधीच गेले होते, त्यांनी काय कमी मागितलं असेल? पण माझं ऐकून घेतलं. ते मला माहीत आहे."

त्यानंतर ती सकाळी ओळींतून फिरताना पुटपुटायची. मला वाटलं जातींची नावं घेतेय. जवळून ऐकलं तर जपमाळेचे शब्द होते. एका झाडाला एक. खुरपता खुरपता, भर लावता लावता, आणि कधी मधेच थांबून "हिला पाणी जास्त झालंय" असं स्वतःशी म्हणून पुन्हा पुढचा शब्द. मी तशीच मागं फिरले. माणसाच्या अशा गोष्टीला हात लावू नये.

मार्चअखेरीस काढणी. आमच्याकडे हे एकट्यादुकट्याचं काम नसतं, सगळ्यांनी सावडीनं करायचं असतं. बारा घरांतली माणसं आली. मावशीला खुर्चीसकट उचलून उताराच्या माथ्यावर बसवलं, मांडीवर घोंगडी. तेवीस बुट्ट्या तिच्यासमोर ओळीनं. एकेका झाडाची लोकर वाचून एर्सिरा सांगायची, मग माती उपसायची, आणि बटाटे मावशीच्या हातात. मावशी चाचपून बुट्टी दाखवायची. दोनदा एर्सिरानं आधीच बुट्टीत टाकले आणि मावशीनं नुसती मान डोलावली. ते बघून डॉन हेर्मिनियोंनी मला कोपर मारलं.

दिवस कलला तेव्हा बावीस बुट्ट्यांत काही ना काही होतं. काहींत ओंजळभर, पण होतं. तेविसावी रिकामी. कबुतरी नव्हती. ती नेमकी ओहोळाकडं लागली असणार.

एर्सिरा त्या आठ ओळी पुन्हा उकरायला गेली. सडक्या वासाशिवाय काही हाती आलं नाही. ती येऊन मावशीच्या पायाशी बसली. "मी घालवली."

"माझ्या आईकडं तीस होत्या," मावशी म्हणाली. "सात माझ्या हातून गेल्या. तुला सांगितलं नव्हतं." तिनं एर्सिराच्या डोक्यावरची माती झटकली. "पण ही जायला नको होती. ही आईनं ओटीत घालून आणली होती."

"आलदायला नोल्फाकडं असेल की," डॉन हेर्मिनियो बोलून गेले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

नोल्फा हे नाव मावशीसमोर घ्यायचं नसतं, हे बेटावर तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. दोघी एके काळच्या जिवलग मैत्रिणी. नोल्फा लग्न होऊन शेजारच्या आलदाय बेटावर गेली तेव्हा मावशीनं तिला बेण्याची पाटी भरून दिली होती. पुढं एका सणाच्या प्रार्थनेत नोल्फानं गाणं फार वरच्या पट्टीत धरलं, मावशीचा आवाज चारचौघांत फाटला, आणि लोक हसले. एकतीस वर्षं झाली त्याला.

मावशी काही म्हणाली नाही. पण नाही, असंही म्हणाली नाही. दुसऱ्या सकाळी एर्सिरा डॉन हेर्मिनियोंच्या होडीत बसली. मी पण गेले, खोटं कशाला बोलू? दुकानाला कुलूप लावून गेले.

नोल्फा ऐंशीची, दाराएवढी रुंद. तिनं आम्हाला उंबऱ्यावरच अडवलं. "उबेर्लिंदा मेली?"

"नाही," एर्सिरा म्हणाली.

"मग कशाला आलात?"

एर्सिरानं सगळं सांगितलं. तीन पोती, दीड दिवस, करपा. काही लपवलं नाही. नोल्फाचं पोट हलायला लागलं. "पोत्यांत ओतलंस? उबेर्लिंदाचं बेणं? आणि तिनं तुला जिवंत ठेवलं?" हसून हसून तिनं दाराची चौकट धरली. मग डोळे पुसून आत गेली, आणि एका फडक्यात पाच बटाटे घेऊन आली. करडे-जांभळे, कबुतराच्या मानेसारखे. एर्सिरानं हात पुढं केले, तर नोल्फानं फडकं आपल्या छातीशी धरलं.

"मीच देईन. माझा कोट आण गं त्या खुंटीवरचा."

मावशी खिडकीशी बसली होती. नोल्फा दारात आली आणि सगळा उजेड अडला.

"जाड झालीस," मावशी म्हणाली.

"तू वाळलीस."

"पट्टी वरची होती."

"होती," नोल्फा म्हणाली. "मला त्या दिवशीच कळलं होतं." आणि खुर्ची ओढून बसली. आम्ही बाहेर आलो. तासाभरानं आतून दोघींचा वाद ऐकू आला, मिल्काओत चरबी किती घालायची यावरून. तेव्हा मी निश्चिंत होऊन दुकान उघडायला गेले.

पुढच्या सप्टेंबरात एर्सिरानं रोज एक बुट्टी लावली. पाऊस धरून अठ्ठावीस दिवस लागले. मावशी काठीवर उभी राहून बघत होती. ती आणखी तीन हिवाळे जगली, आणि गेली तेव्हा एर्सिरा तिच्या उशाशी बसलेली होती, हात हातात घेऊन, दुपारी, चुलीवर पाणी उकळत असताना.

यंदा डॉन हेर्मिनियोंच्या गुडघ्यांनी जवाब दिला. गावानं बसून ठरवलं, चर्च एर्सिराकडे सोपवायचं. आमच्या बेटावर हे काम बाईकडे पहिल्यांदाच गेलं. एक-दोघांनी नाकं मुरडली, पण शिडीवर चढून छपराची कौलं बसवायला त्यांच्यातलं कुणी तयार नव्हतं. एर्सिरा आधी नाही म्हणाली. मग विचार करते म्हणाली, आणि तिचा विचार दोन महिने चालला.

परवाच्या रविवारी तिनं पहिल्यांदा प्रार्थना सांगितली. नोल्फासुद्धा आली होती, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. एर्सिरानं एकेक ओळ म्हटली, आमच्याकडे बघितलं, आमचं उत्तर पूर्ण होऊ दिलं, आणि मगच पुढची घेतली. नेहमीपेक्षा पाऊण तास जास्त लागला. कुणी उठलं नाही. बाहेर आल्यावर ऊन होतं. तिनं चांगले कपडे बदलले, चिखलाचे बूट घातले आणि वाटाण्याच्या वेलींना काठ्या लावायला गेली. मीही गेले मागोमाग, काठ्या धरायला.